एकही डाग नसलेली प्लेट

"थांबा बाई, आदी पुसतंय!"

खुर्चीवर टेकायच्या आत हे वाक्य यायचं आणि पाठोपाठ ओलं फडकं. त्या काळी तुम्ही गोव्यातल्या साखळीहून आमच्या बाजूला आला असाल, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. खनिजाचे ट्रक शाळेच्या भिंतीला घासून जायचे आणि लाल माती खिडकीतून आत येऊन बाकांवर, वह्यांवर, खडूच्या डब्यात बसायची. पुसणारी ती आमची शिपाईण, तात्पुरती लागलेली. दिवसातून चारदा सगळे वर्ग पुसायची.

एकदा मी चिडून म्हटलं, "अगं, कशाला जीव काढतेस? पाच मिनिटांत परत तेच!"

"पाच मिन्टां तरी पोरां स्वच्छ बाकार बसतत ना ओ."

माझी जीभ तशी फटकळ. पण तिच्यापुढे चालायची नाही.

ती दोडामार्गकडची, लाटंबार्से गावात दिलेली. नवरा लवकर गेला. मग बारा वर्षं तिनं खाणीवर डोक्यावरून खनिजाच्या टोपल्या वाहिल्या. खोकला तिथलाच. पुसता पुसता खोकायची, भिंतीला हात लावून उभी राहायची. कोणी विचारलं की म्हणायची, "खोकलो न्हय तो, खाणीची माती भायर पडता." आणि हसायची. आम्हीही हसायचो. ते हसणं आठवलं की आज माझीच मला चीड येते.

तिची मुलगी तेव्हा सातवीत, माझ्याच वर्गात. "माझ्या चेडवान खाणीर जावक नको," एवढंच तिचं मागणं होतं. त्यासाठी तिला नोकरीत कायम व्हायचं होतं.

आणि तिला कायम करायचा कागद आला. फक्त छातीचा एक्स-रे फोटो काढून तब्येतीचा दाखला आणायचा होता. हेडमास्तरांनी मला तिच्यासोबत इस्पितळात पाठवलं. तिनं धाकट्या बहिणीलाही आणलं होतं. मला वाटलं, सोबतीला असेल.

फोटोसाठी तिचं नाव पुकारलं. उठली बहीण. पदर सावरत सरळ आत गेली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. "बाई, बोलू नकात. माझ्या चेडवाक तुमी वळाखतास."

मी मूग गिळून बसले.

प्लेटीवर नाव तिचं, छाती बहिणीची. एक डाग नाही. ती कायम झाली आणि त्या दिवशी तिनं अख्ख्या शाळेला गुळाचं खाजें वाटलं. मीही खाल्लं. प्लेट तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेच्या कपाटावर ठेवली.

तीन वर्षांनी तिला बादली उचलवेना. मी बखोटीला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जुना फोटो मागितला. तिनं निघताना कपाटावरून घेतलेली तीच प्लेट पिशवीतून काढली. डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली.

"तेव्हा तर छाती स्वच्छ होती. दमा वाटतो. तरी नवा फोटो काढून आणा."

बाहेर आल्यावर मी तिला झापलं. "आज, आत्ता काढायचा!"

"नको ओ बाई. दुसरो काडलो तर पयलो खोटो पडात. नोकरी जायत. चेडू धावेच्या वर्गात गेला हां."

मी परत आत जाऊन डॉक्टरांना दोन वाक्यं सांगायला हवी होती. दोनच. पण मी तिच्यासाठी दम्याच्या गोळ्या घेतल्या आणि आम्ही बस पकडली. प्लेट परत कपाटावर गेली.

त्याच वर्षी गणपतीच्या चवथीला आठ दिवस असताना ती गेली. आदल्या शनिवारी तिनं सातवीचा वर्ग पुसला होता.

तिच्या मागं मुलीचं शिक्षण थांबलं नाही. नर्सिंगला गेली. दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी शाळेत आली. मी बसायला गेले तर म्हणाली, "थांबा बाई, आधी पुसते," आणि रुमालानं बाक पुसला.

आईची प्लेट तिनं मागितली. मी कपाटावरून काढून दिली. तिनं ती खिडकीशी धरली, बोटानं एकेक बरगडी मोजत खाली आली.

"बाई, हल्लीच आम्हाला हे वाचायला शिकवलं. आईच्या छातीत काहीच नाही. मग ती मेली कशानं?"

दोनदा गप्प बसले होते. तिसऱ्यांदा जमलं नाही. सगळं सांगितलं, माझंही. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिनं प्लेट पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली.

"माझ्यासाठीच ना?"

"हो गं."

बाहेरून ट्रक गेले, एकामागून एक. मघाशी पुसलेल्या बाकावर माती येऊन बसली. आम्ही दोघी बघत राहिलो, कोणी पुसायला उठलं नाही.