म्हशीला विचारणाऱ्या मॅडम

म्हशीचा फोटो काढण्याआधी म्हशीला विचारणारं माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच झालं, आणि त्यांच्यासोबत बोरीच्या गल्ल्या तुडवायचं भाग्य माझ्यासारख्या सातवीत शाळा सुटलेल्या बाईला मिळालं. मॅडम पुण्याच्या. मूल कधी, किती, हे कायदा बाईला ठरवू देतो आणि घर किती ठरवू देतं, यावर त्यांचं संशोधन. माझं माहेर पार गडचिरोलीकडं. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी इथं कुणाचं दार वाजवण्याआधी मी दोनदा पदर सारखा करते. माझं काम घरं दाखवायचं.

मॅडमचा सगळा जीव संमतीपत्रात. दोन पानं मोठ्यानं वाचायच्या, ‘नको वाटलं तर कधीही थांबवा’ म्हणायच्या, मग पहिला प्रश्न. तोवर चहा गार. एक म्हातारी सगळं ऐकून म्हणाली, “माय, माजं लगीन लावताना बी कुनी इतकं इचारलं न्हाई. आता इचार की!” खरी नावं छापायची नाहीत म्हणून प्रत्येकीनं टोपणनाव निवडायचं, तर चौघींनी सासूचं दिलं. मॅडमनी गंभीरपणे लिहून घेतलं. कुत्र्याला मात्र त्या फार भ्यायच्या. ते दिसलं की मला पुढं करायच्या. तेही ‘चालेल ना, ताई?’ विचारून.

दोन मुली झाल्यावर मला कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. दवाखान्यातला कारकून म्हणाला, “मालकाची सही आना, ताई. न्हाईतर जमायचं न्हाई.” मालक ऊसतोडीला, आणि त्यांना मुलगा हवा. भीत भीत मी मॅडमना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या सोबत आल्या. दवाखान्याच्या दारात कुत्रं आडवं पसरलेलं. मॅडम कुणालाही न विचारता त्याला ओलांडून आत गेल्या, आणि सही फक्त बाईचीच लागते हा नियम त्यांनी कारकुनाला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. त्याचाही चहा गार झाला. फॉर्म मिळाला.

मी पेन टेकवणार, तोच त्यांनी हात धरला. “मी म्हणते म्हणून नाही ना? नको वाटलं तर आत्ता परत फिरू.”

माझ्या अंगाबद्दल मला कुणी विचारायची ती पहिलीच वेळ. मी सही केली. नवरा महिनाभर बोलला नाही, मग बोलला.

परवा मॅडमचं पुस्तक आलं. सगळं इंग्रजीत. थोरलीनं एका पानावर बोट ठेवलं, “आई, हे तर आजीचं नाव!” मॅडमनी माझीही उत्तरं लिहून घेतली होती, तेव्हा टोपणनाव मी माझ्या आईचं दिलं होतं. तिला जन्मात कुणी काही विचारलं नाही. आता तिकडं पुण्यात ती उत्तरं देत बसलीय.