दगडांचं पाणी मोगऱ्याला

मित्रांनो, आज माशांचं नाही, मोगऱ्याचं विचारायचंय.

समुद्री माशांच्या नव्या टाकीसाठी आणलेले कोरडे दगड घासून मी बादलीत मिठाच्या पाण्यात भिजवले होते. दुपारी पाहतो तर बादलीत नुसते दगड.

आई म्हणाली, "एवढं पाणी वाया कशाला घालवायचं? मोगऱ्याला घातलं की."

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. आमच्याकडे वापरलेलं पाणीही कुणी फेकत नाही. आणि हा मोगरा वडिलांनी लावलेला. ते गेल्यापासून त्याचं पहिलं फूल त्यांच्या फोटोला असतं.

टाकीचं खारं पाणी बनवायला साठवलेलं सगळं गोडं पाणी मी मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं.

"एवढं कशाला रे?" आईनं विचारलं.

"ऊन लई हाय," म्हणालो.

मीठ लागलेला मोगरा जगतो का हो?