वडील एफ.वाय.ला होते तेव्हा

नव्वदच्या दशकात मी मुरबाडच्या कॉलेजात एफ.वाय.बी.ए.ला होते. आमचं गाव धसईच्या पुढं. वडील चौथी शिकलेले, भातशेती करणारे. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे शिष्यवृत्तीचा अर्जही कुणाला न विचारता मीच भरला. पहिल्या ओळीत ‘संपूर्ण नाव’ एवढंच लिहिलं होतं. आमच्याकडे रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत प्रत्येक कागद वडिलांच्या नावानं सुरू होतो, म्हणून मी तिथं त्यांचं नाव घातलं, पुढं त्यांचं वय. खाली पालकाची जागा रिकामी राहिली, तिथं माझं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता: ‘विद्यार्थ्याची हजेरी आढळत नाही. खुलासा करावा.’

कॉलेजच्या ऑफिसात एक वयस्कर क्लार्क होते. मी म्हटलं, “सर, नावं उलटी पडली. खोडून लिहू?”

“खाडाखोड चालत नाही. तू असं कर, विद्यार्थ्याला घेऊन ये. दुरुस्तीचा अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचा असतो.”

“पण विद्यार्थी मीच आहे.”

त्यांनी चष्मा लावून कागद पुन्हा वाचला. “इथं तुम्ही पालक आहात,” ते म्हणाले. त्या दिवसापासून ते मला अहोजाहो करू लागले.

वडील खळ्यावर भात झोडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे मी कॉलेजात हाय?”

“कागदावर.”

“आन् मी जात नाय म्हणून कागद परत आला.”

“हो.”

“मंग जायाला पायजे.”

दुसऱ्या दिवशी लग्नाकार्याचा सदरा आणि धुतलेली टोपी घालून ते माझ्याबरोबर एसटीत बसले.

ऑफिसातल्या छापील कागदावर चार ओळींचा अर्ज लिहायला त्यांना तासभर लागला. मी हळू आवाजात सांगत होते, ते एकेक अक्षर कोरत होते. शेवटी त्यांनी पट्टी मागून सगळ्या अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेघ ओढली. क्लार्कनी तो कागद माझ्यापुढं सरकवला. “पालकांची सही.” खाली छापलेलं होतं: ‘माझ्या पाल्याकडून चूक झाली असून ती माफ व्हावी.’ मी सही केली. वडिलांनी ती छापील ओळ वाचली आणि मान खाली घातली, जणू चूक खरंच त्यांचीच होती.

“आता हजेरीचं बघा,” क्लार्क म्हणाले. “शेऱ्याला उत्तर द्यावं लागेल. एक तास बसू द्या त्यांना वर्गात.”

भूगोलाचा तास होता. सर रोज शहापूरहून यायचे. वडील माझ्या शेजारच्या बाकावर टोपी काढून बसले. वर्गात थोडी खुसखुस झाली. मी वहीत डोकं खुपसलं. सर नेमकं भात सांगत होते. पेरणीपासून कापणीपर्यंत भाताला पाणी साचलेलं लागतं, असं त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं. वडील हात जोडून उभे राहिले.

“सर, दाणा पिकायला लागला का पानी काढावं लागतं. नायतर पीक लोळतं.”

सरांनी आपल्या वहीत पाहिलं, मग वडिलांकडे. “बरोबर,” ते म्हणाले. “मागचं वाक्य खोडा.” सगळ्या वर्गानं खोडलं. मीही खोडलं, आणि वहीतून डोकं वर काढलं. तास संपल्यावर सरांनी हजेरीच्या कागदावर सही दिली.

फेब्रुवारीत शिष्यवृत्ती मंजूर झाली, माझ्या नावानं. मी घरी आल्या आल्या सांगितलं. वडील म्हणाले, “चांगलं झालं.” मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “म्हंजे माझं नाव काढलं का गो?”

“काढलं.”

“बरं,” ते म्हणाले, आणि खुंटीवरचा लग्नाकार्याचा सदरा घडी करून पेटीत ठेवला.