नागव्वाचा हात ओढायचा नाही

शुक्रवार पेठेत आमच्या समोरच्या घरात डाळीचा व्यापारी मल्लप्पा राहायचा. त्याची बायको नागव्वा, माहेर मंगळवेढ्याचं. तिची बोटं उलटी वळून पार मनगटाकडे जायची, कोपर आणि गुडघे मागच्या बाजूला वाकायचे. माहेरी नागपंचमीच्या फुगडीत तिच्यापुढे कुणी टिकत नसे. इथं हळदीकुंकवाला गेली की बायका आधी तिची बोटं वळवून बघायच्या, मग कुंकू लावायच्या. सगळ्या हसायच्या, तीही हसायची. घरी आल्यावर मात्र हात मांडीत घेऊन चोळत बसायची.

कारण ते हात दुखत. भाकरी थापताना अंगठा निसटायचा, घागर उचलली की खांदा जागचा हलायचा, आणि गुडघ्यांचं रडगाणं तर बाराही महिने. पण हे खरं मानणार कोण? तिची सासू गौरम्मा चारचौघांत म्हणायची, "पायाचा आंगठा कानाला लावती ही. हिला कसलं आलंय दुकणं?" मला त्या बोलण्याचा असा संताप यायचा! पण गौरम्माच्या तोंडाला लागायची हिंमत आमच्या बोळात कुणाचीच नव्हती, माझीही नव्हती.

तरी उपाय केला नाही असं नाही. अंग आखडलंय, ओढून मोकळं करायला हवं, असं गौरम्माचं ठाम मत. मग मालिशवाली बजाबाई यायची, काखेत पाय रोवून नागव्वाचा हात ओढायची. कट्ट आवाज झाला की सगळ्यांना समाधान. दुसऱ्या दिवशी नागव्वाला पाण्याचा तांब्या उचलत नसे, म्हणून पुन्हा बजाबाईला बोलावणं. सैल झालेल्या बाजेवर नाचून बाज घट्ट करायचा प्रकार होता तो.

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. शिमग्याच्या सुमारास नागव्वाच्या हातून भरली घागर सुटली आणि चूल विझली. गौरम्मा म्हणाली, श्रावणात पंचमीला भाऊ न्यायला येईल तेव्हा जाऊ दे, बरी झाली की बघू. "बरी झाली की बघू" म्हणजे काय, ते सगळ्या बोळाला ठाऊक होतं. अशा गेलेल्या दोघी आम्ही पाहिल्या होत्या, परत आलेली एकही नाही.

मल्लप्पा कमी बोलणारा, आईपुढे तर मुकाच. पण सिद्धेश्वराला जाऊन येतो असं सांगून त्यानं बायकोला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी हात बघायला मागितला, तशी नागव्वानं सवयीनं बोटं उलटी करून दाखवली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "असं केल्यावर दुखतं का?"

नागव्वा रडायलाच लागली. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी समजावलं ते असं, की तिचं अंग आखडलेलं नाही, उलट सांधे जन्मापासून सैल आहेत. ओढून घ्यायचं नाही, कुणाला वळवून दाखवायचं नाही. सांधा जाईल तिथपर्यंत न्यायचा नाही, थोडं अलीकडेच थांबायचं. पडून राहायचं नाही, पण हळूहळू अंगात ताकद आणायची, म्हणजे स्नायू सांध्यांना धरून ठेवतील. दुखणं पुरतं जाणार नाही, आटोक्यात मात्र राहील. घरी येताना वाटेत नागव्वा मल्लप्पाला पुन्हा पुन्हा म्हणत होती, "म्हंजी मी ढोंगी न्हाय की."

दवाखान्यात काय सांगितलं ते मल्लप्पानं आईच्या कानावर घातलं आणि बजाबाईचं येणं थांबलं. मग गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की ती भिंतीला हात टेकून सावकाश व्यायाम करायची. उभं राहताना गुडघे मागे जाऊ द्यायचे नाहीत, घागरीऐवजी लहान कळशी अंगालगत धरून आणायची, भाकरी थापताना अंगठ्यावर जोर द्यायचा नाही, मध्ये थांबायचं. एकदा हुरूप येऊन जास्त केलं आणि आठवडाभर कण्हत पडली. पुन्हा थोड्यापासून सुरुवात. गौरम्मा दारात उभी राहून बघायची. गोळी न्हाय, मलम न्हाय, हे कसलं औषध, एवढं एकदाच म्हणाली. आषाढ संपेपर्यंत अख्ख्या घराच्या भाकऱ्या नागव्वा एकटी करायला लागली. दुखायचं, पण तिला आता त्याची भीती वाटत नव्हती. भीती होती ती पंचमीची, कारण सासूनं आपला शब्द मागे घेतला नव्हता.

पंचमीच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ शिवयोगी आला. नागव्वानं सगळी लुगडी, अगदी थंडीची घोंगडीसुद्धा, गाठोड्यात बांधून ठेवली होती. मी आमच्या उंबऱ्यातून बघत होते.

गौरम्मा गाठोड्याकडे बघत राहिली. "येवढं कशाला? चार दिसाला दोन लुगडी बास." मग शिवयोगीकडे वळून म्हणाली, "पंचमी झाली की आणून सोडा. आन तितं फुगडीला हिचा हात कुणी ओढायचा न्हाय."

शिवयोगी म्हणाला, आमची नागव्वा तर फुगडीत पहिली.

नागव्वा खाली बसून गाठोडं सोडायला लागली. डोळ्यांत पाणी, त्यात गाठ तिनंच आवळून मारलेली, सुटता सुटेना. गौरम्मा तिच्याजवळ बसली आणि गाठोडं आपल्याकडे ओढलं.

"बोटं वाकवू नगंस," ती म्हणाली. "दे हिकडं, मी सोडती."