मुकुंदला घटना मान्य नव्हत्या

मुकुंद सबनीस गेल्याची बातमी नलिनीवहिनींनी स्वतः फोन करून दिली. आवाज कोरडा होता. "भाऊजी, हे गेले. उद्याची अँजिओग्राफी रद्द करायला हॉस्पिटलला फोन केला, आता तुम्हाला करतेय." एवढं सांगून त्यांनीच फोन ठेवला.

माझा मित्र मुकुंद समाजशास्त्राचा प्राध्यापक. निवृत्तीनंतरही दर शनिवारी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, पुढच्या खोलीत, त्याचा वर्ग भरायचा. संशोधन करणारी मोजकी मुलं-मुली यायची. विषय एकच, जागतिक व्यवस्था. एखाद्या समाजात बदल का झाला, याचं उत्तर त्या समाजाच्या हद्दीत सापडत नाही, असं तो पहिल्याच दिवशी सांगे. जग ही एकच व्यवस्था. तिला केंद्र आहे, परीघ आहे आणि दोन्हीकडे तोंड करून उभा असलेला मधला पट्टा आहे. वाशीमहून आलेल्या एका विद्यार्थ्याने हिंजवडीच्या आयटी वसाहतीवर प्रबंध लिहायचं ठरवलं, तेव्हा मुकुंदने विचारलं, "हिंजवडी कुठे संपते?" मुलाने एका चौकाचं नाव सांगितलं. "तिथे फक्त ट्रॅफिक संपतं. हिंजवडी एकीकडे तुझ्या वाशीमच्या घरात संपते आणि दुसरीकडे नोकरकपात ठरते त्या परदेशातल्या खोलीत."

दुसरा आग्रह काळाचा. शंभर वर्षांहून कमी काळाकडे बघायला तो तयार नसे. निवडणूक, युद्ध, कोसळलेला बाजार या सगळ्या घटना, म्हणजे वरचा फेस. खालचा प्रवाह बघा, असं तो म्हणे. माझं आयुष्य वर्तमानपत्रात हा फेस गोळा करण्यात गेलं. त्यामुळे दारातच स्वागत व्हायचं, "या बातमीदार. आज काय संपलं जगात?"

गेल्या हिवाळ्यात तो जिना चढताना मध्येच थांबू लागला. वहिनींनी कारण विचारलं, तर म्हणाला, खालच्या मजल्यावरची पाटी वाचत होतो. "ती पाटी तुम्ही वीस वर्षं वाचताय," वहिनी म्हणाल्या. नेहमीच्या डॉक्टरांनी हृदयाची तपासणी लगेच करायला सांगितली. मुकुंदने ती पुढे ढकलली. एका दुपारच्या दुखण्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, सहा महिन्यांचा आलेख येऊ दे, असं त्याचं म्हणणं. तो विनोद करत नव्हता. आयुष्यभर ज्या रीतीने विचार केला, त्याच रीतीने तो छातीकडेही बघत होता.

"अहो, आलेख बघायला माणूस लागतो," वहिनी म्हणाल्या.

पुढचे महिने वहिनींनी कान देऊन काढले. तो अंघोळीला गेला की त्या बाहेरच्या पॅसेजमध्ये काहीतरी आवरत राहायच्या. बाजारातून यायला उशीर झाला की खाली फाटकापर्यंत जाऊन यायच्या. वर्गात तो वाक्याच्या मध्यावर थांबला की विद्यार्थ्यांना वाटे, सर विचार करताहेत. त्याच वेळी आत भांड्यांचा आवाज बंद व्हायचा... सर पुढे बोलू लागले की मग तोही सुरू व्हायचा. मीही त्याला तपासणीवरून दोनदा छेडलं. "तुला बातमी हवी असते," एवढंच उत्तर मिळालं.

मग एका शनिवारी बोलता बोलता त्याने टेबलाची कड धरली आणि बराच वेळ सोडली नाही. त्या संध्याकाळी तो वहिनींना म्हणाला, "घे तारीख." तारीख सोमवारची मिळाली. रविवारी सकाळी, चहा घेताना, तो गेला.

जगाबद्दल तो चुकला होता असं मला आजही वाटत नाही. पण व्यवस्थेला शतकं मिळतात, शरीराला मिळत नाहीत.

वर्ग बंद करायला वहिनींनी नकार दिला. गेल्या शनिवारी मी गेलो होतो. खिडकीजवळची त्याची जागा कुणी न सांगताच मोकळी ठेवलेली होती. खराडीत नोकरी करून पीएचडी करणारी अश्विनी मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता तिने डावा खांदा दाबला. कुणीतरी विचारलं, तर म्हणाली, चार दिवस जड वाटतंय, कामाची ही गडबड संपली की दाखवेन.

वहिनी बाहेर आल्या. "पुस्तक मीट. चप्पल घाल."

"काकू, काही नसेल हो. रिपोर्ट नॉर्मलच येईल."

"येऊ दे. नॉर्मल आलेला रिपोर्ट मला एकदा बघायचाय."

दोघी रिक्षाने गेल्या. मागे खोलीत पुढचं पान कुणी वाचलं नाही. जिन्यावर पावलं वाजली की सगळे दाराकडे बघायचे...