शेवटची बाकी आहे

माझ्या सासूबाई व्यवसायाने शिंपी. पण गल्लीत त्यांना ‘कोचबाई’ म्हणतात, आणि त्यांनाही शिवणाच्या कौतुकापेक्षा तेच ऐकायला आवडतं. बावीस वर्षं त्यांनी पाच वाजता दुकानाचं शटर खाली ओढलं आणि गळ्यातली टेपही न काढता शाळेच्या मैदानावर मुलींना बास्केटबॉल शिकवायला गेल्या. गिऱ्हाइकं बोंब मारायची. बाही उद्याही जोडता येते, म्हणायच्या.

त्यांचा एक नियम होता. सराव संपताना प्रत्येकीने रेषेवरून एक बास्केट करायची. शेवटच्या मुलीची होईपर्यंत कुणी घरी जायचं नाही. बाकीच्यांनी हात मागे बांधून रांगेत उभं राहायचं. हसायचं नाही, सुस्कारे सोडायचे नाहीत, ‘बिचारी’ तर अजिबात म्हणायचं नाही. बॉल आत गेला तरी टाळ्या नाहीत. बाई फक्त म्हणायच्या, “उद्या साडेपाचला. वेळेवर.”

मुंगी म्हणून एक एवढीशी पोर होती. पहिल्या दिवशी तिचे एकेचाळीस बॉल फुकट गेले. उशीर झाला म्हणून तिची आई तावातावाने भांडायला आली, तर सासूबाईंनी तिलाही रांगेत उभं केलं. बेचाळिसावा आत गेला आणि आईने टाळ्या पिटल्या. नियम मोडला म्हणून तिला मैदानाला एक फेरी मारावी लागली.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला, नाहीतर गुडघा आखडेल आणि मैदान कायमचं सुटेल. पलंगापासून दारापर्यंत बारा पावलं. पण पहिल्याच दिवशी त्यांचा तोल गेला आणि त्यांनी धसका घेतला. कबूल करतील तर शपथ. आज पाय जड आहे, आज फरशी ओली आहे. माझ्या नवऱ्याने लाडीगोडी लावली, मी आवाज चढवला. पंधरा दिवस ढिम्म. मला त्यांचा भयंकर राग येत होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

शेवटी मी मुंगीला फोन केला. ती आता बस चालवते. तिने एवढंच विचारलं, “साडेपाचला येऊ?”

मुंगी धरून बाईंच्या जुन्या खेळाडूंपैकी नऊ जणी आल्या. एकीने कडेवरचं बाळ माझ्याकडे दिलं. मग सगळ्या भिंतीलगत रांगेत उभ्या राहिल्या, हात मागे. तब्येत कुणी विचारली नाही.

“तुम्हाला घरी कामं नाहीत का गं?” सासूबाई म्हणाल्या.

“आहेत की,” मुंगी म्हणाली. “पण शेवटची बाकी आहे.”

सासूबाईंनी आधी माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं, मग वॉकर ओढला. चौथ्या पावलाला त्या थांबल्या.

“भीती वाटते गं,” म्हणाल्या. हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी पुढे धावणार, तोच मुंगीने डोळ्यांनीच दटावलं. मी मुकाट्याने बाळाला घेऊन रांगेत उभी राहिले. पाच. सहा. नवव्याला त्यांनी वॉकरला शिवी हासडली. बाराव्याला चौकटीवर हात ठेवला. मला रडू फुटलं, पण तोंडातून आवाज काढायची सोय नव्हती.

मुंगीने चपला पायात सरकवल्या. “उद्या साडेपाचला, बाई. वेळेवर.”

तेवढ्यात माझ्या कडेवरच्या बाळाने टाळ्या वाजवल्या.

सासूबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. “याला मैदानाला एक फेरी,” म्हणाल्या. “माझ्याबरोबर.”