चाकांची पाटी आणि कोरडा तलाव

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तो कप खाली ठेवा. मागं हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या शाळेतल्या क्लार्कच्या नाकातून चहा आला होता, आणि त्या चहाचं बिलही ते माझ्याच नावावर फाडून गेले. अहो, माणूस स्वतःच्या पोरीला खेळायला घेऊन जातो आणि तिथं पोलीस येऊन त्याला खाली बसवतात, असं कधी ऐकलंय? माझ्या बाबतीत झालं. थांबा, पहिल्यापासून सांगतो.

मी भोकरदनला शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रकलेच्या मास्तरला एक खोड असते, तो डोळे उघडे ठेवून स्वप्नं बघतो. आमची नीलिमा पोस्टात नोकरीला आहे, पक्की व्यवहारी. ती सगळ्यांना सांगते, "ह्यांना दूध आणायला पाठवलं तर ढग बघून परत येतात." आता खोटं कशाला बोलू? एकदा आलो होतो. पण ते ढगही तसेच होते हो!

तर आमची मुलगी ओवी. दहावीची परीक्षा झालेली. तिच्या आतेभावानं पुण्याहून जुना स्केटबोर्ड पाठवला होता. आमच्या गल्लीत त्याला सगळे चाकांची पाटी म्हणतात. गल्लीत नवा सिमेंटचा रस्ता झाला आणि पोरगी त्यावर उभ्या उभ्या तरंगायला लागली. एका टोकाला गतिरोधक, दुसऱ्या टोकाला शेजारच्या काकूंची वाळत घातलेली ज्वारी. मधल्या तेवढ्याशा रस्त्यावर हात पसरून अशी जायची, की मी ओट्यावर बसून नुसता बघत राहायचो. चहा गार व्हायचा. साय धरायची. मला वाटायचं, रस्ता संपूच नये.

पण रस्ता संपायचाच. ओवी जूनमध्ये लातूरला जाणार होती. अकरावी, क्लास, होस्टेल, सगळं ठरलेलं. पाटी होस्टेलमध्ये चालणार नाही, हे त्यांनी फोनवरच सांगून टाकलं. ओवीनं पाटी पुसली आणि कपाटावर ठेवून दिली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिचं ते गप्प राहणं मला फार लागलं.

म्हणून एक दिवस जेवताना मी बोलून बसलो, "होस्टेलच्या खरेदीला जालन्याला जाऊ ना, तेव्हा तुला खरंखुरं स्केटपार्क दाखवतो. लातूरला जायच्या आधी एकदा तरी मोठ्या उतारावरून जायचंच."

"जालन्यात आहे?" ओवीनं विचारलं.

"असणारच की! जिल्ह्याचं ठिकाण आहे."

नीलिमानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. दुधाच्या वेळी पाहते, तसंच.

मी स्केटपार्क फक्त ओवीच्या फोनवर पाहिलेलं. सिमेंटच्या लाटा हो! खाली जाणाऱ्या, वर येणाऱ्या, आणि पोरं त्यांच्यावरून पाण्यासारखी वाहतात. त्या दिवसापासून माझ्या हाताला चाळा लागला. कागद दिसला की त्यावर लाट काढायची. पोस्टातून आलेल्या एका पाकिटावरही काढली, त्यावरून घरात वेगळं महाभारत झालं.

ठरल्या दिवशी पाटी गाडीच्या डिकीत टाकून निघालो. वाटेत राजूरला गणपतीचं दर्शन घेतलं, नारळ आणि पेढ्यांचा प्रसाद घेतला. जालन्यात नीलिमाचा भाऊ दिगंबर राहतो, स्टीलच्या कारखान्यात कामाला. त्याच्या घरी पिशव्या टाकल्या, गादी-बादली-पेटीची खरेदी उरकली आणि स्केटपार्क शोधायला बाहेर पडलो.

आता आमच्या भागातली एक रीत तुम्हाला ठाऊकच असेल. रस्ता विचारणाऱ्याला "माहीत न्हाई" म्हणायचं नाही. परगावचा माणूस हिरमुसला होऊन जाईल, असं कसं चालेल?

चहावाला म्हणाला, "स्केटपार्क ना? बराबर आले तुम्ही. सरळ जा, मंग डाव्या हाताला."

डाव्या हाताला एका शाळेचं पटांगण निघालं. तिथं चाकांचे बूट घातलेली पाच-सहा वर्षांची लेकरं एकमेकांचे शर्ट धरून गोल फिरत होती.

सायकलवाला म्हणाला, "घसरायचंच हाय ना? बगीच्यात जा जल्दी, बंद व्हायच्या आत."

बगीच्यात घसरगुंडी होती. राखणदारानं ओवीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, पोरगी मोठी हाय. अडकंल."

ओवी हसलीसुद्धा नाही. "बाबा, राहू द्या," म्हणाली. "मला नको आता. चला घरी."

ते "राहू द्या" रात्रभर माझ्या उशाशी बसून होतं.

सकाळी दिगंबरला एकदम आठवलं. "दाजी, गावाबाहेर एक लॉन हाय. लग्नाचं. त्याच्या मागं पोहायचा तलाव बांधेल हाय, पण पाणी कुठंय? दोन उन्हाळे झाले, कोरडा ठाक पडेल हाय. एका बाजूनं उथळ, एका बाजूनं खोल. मी गेल्तो तिथं जेवायला. उतार काय गुळगुळीत हाय!"

मी डोळे मिटले. मला तो तलाव दिसला. कुणीतरी ओंजळ धरून ठेवावी, तसा. आणि त्या ओंजळीत माझी पोरगी.

"चला!" मी म्हटलं.

दुसऱ्याच्या जागेत जायचं, काही मागायचं, म्हणून मी सगळ्यांना नीट कपडे करायला लावले. नीलिमाला चांगली साडी नेसायला लावली, ओवीला पंजाबी ड्रेस. ओवी पुन्हा म्हणाली, नको. मी ऐकलं नाही. पाटी गाडीच्या डिकीतच राहू दिली. परक्याच्या दारात पाटी काखेत मारून कसं जायचं?

दिगंबर मोटारसायकलवर वाट दाखवत पुढं, आम्ही गाडीत मागं. लॉनवर त्या दिवशी लग्न नव्हतं. सगळीकडं सामसूम, गुलमोहराची फुलं खाली सांडलेली. मॅनेजर सुदामराव ऑफिसात एकटेच बसले होते. पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं, कपाळाला गंध, फार अगत्यशील माणूस. मी शिक्षक आहे म्हटल्यावर खुर्च्या पुसल्या, पाणी दिलं, चहा सांगितला.

नीलिमा कानाशी कुजबुजली, "सरळ विचारा ना काय ते."

"असं कसं? चहा तर येऊ दे!"

चूक झाली ती इथं. आमच्याकडं कामाचं आल्या आल्या बोलत नाहीत. आधी प्रसाद, मग चहा, मग पाऊसपाणी, आणि उठता उठता, चप्पल घालताना, "बरं का, एक छोटंसं काम होतं." मी रीत पाळली. "राजूरच्या गणपतीचा प्रसाद," म्हणत मी नारळ पुढं केला.

"राजूरहून आले? वा!" सुदामराव खूश झाले. "शुभकार्याला आधी देवाकडं जाऊन आले, लई चांगलं केलं. मुलीसाठी का?"

"हो, हिच्यासाठीच," मी ओवीकडं हात केला.

त्यांनी ओवीकडं पाहिलं. "किती माणसं राहतील?"

"आम्ही बसलोय एवढेच. गाजावाजा बिलकुल नको."

"आणि... कधी?"

"आजच झालं तर बरं. जूनमध्ये ही लातूरला जाणार, मग जमायचं नाही."

सुदामरावांचा कप ओठांपाशी थांबला. "मुलगी कितवीत हाय?"

"आत्ताच दहावी दिली."

"आणि मुलीची मर्जी?"

मी मोठ्यानं हसलो. होय, हसलो! म्हटलं, "ती तर कालपासून नको नको करतेय. मीच म्हटलं, हे झालंच पाहिजे!"

"मामाचं काय म्हणणं?"

दिगंबर छाती काढून म्हणाला, "अहो, ही जागाच म्या सुचवली!"

सुदामराव हळूच उठले. "तुम्ही मागं जाऊन निवांत बघा सगळं. मी आलोच एक फोन करून."

किती भला माणूस, मी मनात म्हटलं.

मागं गेलो आणि मी खरंच सगळं विसरलो. तो तलाव! आतून निळा रंग दिलेलं सिमेंट, कडा गोल वळलेल्या, तळाशी कडुलिंबाची चार पिवळी पानं. वारा आला की ती पानं उतारावरून आपोआप खाली घरंगळायची. मी काठावर उभा राहून त्या पानांबरोबर वर-खाली करत होतो. मागं फाटक बंद झाल्याचा, कुलूप लागल्याचा आवाज आला. तोही मला दुरून आल्यासारखा वाटला.

"मुलीचा बाप कोण?"

वळून पाहिलं तर खाकीतल्या एक हवालदार बाई. मागं सुदामराव, हाताची घडी घालून. मला वाटलं, केवढी ही व्यवस्था! खेळणाऱ्या पोरांसाठी पोलीसही ठेवलेत!

"मी! मीच!" मी उत्साहानं पुढं झालो.

बाई माझ्याशी बोलल्याच नाहीत. ओवीला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. "बाळा, घाबरू नको. तुझ्यावर कोणी जबरदस्ती करून राह्यलं का?"

ओवीनं एक मोठा सुस्कारा सोडला. "जबरदस्तीच म्हणा ना. मी न्हाई म्हणाले होते. बाबा ऐकतच न्हाईत. सगळी हौस त्यांचीच हाय."

बाई माझ्याकडं वळल्या. "बसा खाली!"

मी बसलो. तलावाच्या काठावर, आत पाय सोडून.

"शिक्षक ना तुम्ही? लाज वाटत न्हाई?"

"यात लाज कसली, मॅडम? पुण्या-मुंबईकडं सर्रास करतात."

"पोरीचं वय काय?"

"अहो, हेच तर वय आहे! मी म्हणतो, आपण उशीरच केला. नंतर हाडं ऐकत नाहीत."

सुदामराव ओरडले, "माझ्या लॉनवर हे लग्न होणार न्हाई! काही झालं तरी होणार न्हाई!"

"कोणाचं लग्न?" मी विचारलं. खरंच विचारलं हो.

नीलिमानं कपाळावर हात मारला. पोस्टातली बाई ती, दोन वाक्यांत तिनं सगळं सांगून टाकलं. दिगंबर फाटकाचं कुलूप काढायला लावून पळत जाऊन पाटी घेऊन आला. हवालदार बाईंनी ती उलटी केली आणि एक चाक बोटानं फिरवलं. चाक कितीतरी वेळ फिरत राहिलं.

"ह्याच्यासाठी?"

"हो."

"मंग आल्या आल्या सांगायला काय झाल्तं तुम्हाला?"

"चहा यायचा होता," मी म्हटलं.

बाईंना हसू आवरेना. पण खाकीचा संशय लवकर जात नाही. "पोरी, दाखव बरं करून," त्या म्हणाल्या.

दिगंबरचं मोटारसायकलचं हेल्मेट घालून, ओढणी कमरेला बांधून ओवी काठावर उभी राहिली. क्षणभर तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि निघाली.

काय सांगू? चाकांचा तो एकसारखा घरघरता आवाज. ओवी उतारावरून खाली गेली, तळातून समोरच्या भिंतीवर चढली, वर पोहोचून जराशी थांबली, जणू आता परत यायचं की नाही ठरवतेय, आणि हात पसरून वळून आली. लिंबाची पानं तिच्यामागं उडाली. ओवी हसत होती. किती दिवसांनी! माझे डोळे भरून आले. शेजारी सुदामराव उपरण्यानं नाक पुसत होते.

"अजून एकदा," हवालदार बाई म्हणाल्या.

अजून एकदा झालं. मग आणखी कितीदा झालं, मोजलं कुणी? शेवटी सुदामराव म्हणाले, "बाळा, लातूरला जाईपर्यंत लग्न नसंल तवा येत जा. तलाव तुझाच हाय."

किस्सा इथंच संपायला हवा होता. पण ओवी काठावर आली, पाटी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "बाबा, या ना. तुमचीच हौस हाय."

मी चप्पल काढली. पाटीवर उभा राहिलो. मला भोकरदन दिसलं, आमची गल्ली दिसली, ढग दिसले. मी तरंगलो! नंतर कळलं की पाटी तलावाच्या एका टोकाला होती आणि मी दुसऱ्या टोकाला. उजवा पाय प्लास्टरमध्ये गेला.

जूनमध्ये ओवीला लातूरला सोडायला गेलो, कुबडी घेऊन. होस्टेलच्या रेक्टर बाईंनी बसायला सांगितलं, चहा सांगितला. मी मात्र आता शहाणा झालो होतो. म्हटलं, "चहा नको मॅडम, आधी कामाचं. इथं जवळपास चाकांच्या पाटीवरून घसरायला चांगला उतार कुठं आहे?"

बाईंनी चष्मा वर केला. माझ्या प्लास्टरकडं पाहिलं, कुबडीकडं पाहिलं. "कोणासाठी? तुमच्यासाठी?"

मी तोंड उघडायच्या आत ओवी म्हणाली, "हो मॅडम, बाबांसाठीच."